पानात औषध आहे, पण किती आणि कोणासाठी? सूरजागड परिसरातल्या पालेभाज्या आणि काढ्यांबद्दल सरळ माहिती

एटापल्ली : पहिला दमदार पाऊस झाला की एटापल्ली, भामरागड, अहेरी भागात तरोट्याचा कोवळा पाला घराघरात शिजू लागतो. मागोमाग कुर्डू, धोपा, अंबाडी, मुंगन्याचा पाला येतो. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथल्या फलकांवर आणि आपल्या मोबाईलवर सध्या एक शब्द हमखास दिसतो : 'अँटिऑक्सिडंट'. अमुक पाला अँटिऑक्सिडंटने भरलेला आहे, रोज सकाळी उपाशीपोटी रस घ्या, बीपी-शुगर-कॅन्सर सगळं पळून जाईल, असे संदेश फिरतात.

यातलं खरं किती? आणि भाजी म्हणून चालणारा पाला औषध म्हणूनही तेवढाच निर्धोक असतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर, बरंच खरं, पण सांगतात तसं नाही. दुसऱ्याचं उत्तर, नाही. का, ते पाहू.

अँटिऑक्सिडंट म्हणजे नेमकं काय?

समजायला लांब जायची गरज नाही. सूरजागडचा डोंगर लाल का? तिथलं लोखंड मोकळं नाही, ते ऑक्सिजनशी बांधलेलं आहे. घरातला विळा पावसात बाहेर राहिला तर त्यावर येणारा गंजही लोखंड आणि ऑक्सिजन एकत्र येऊनच तयार होतो. चिरलेलं वांगं उघड्यावर काळं पडतं, तेही ऑक्सिजनमुळेच. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात. वांग्याच्या फोडींना लिंबू चोळलं तर त्या लवकर काळ्या पडत नाहीत. लिंबातलं क जीवनसत्त्व आणि आंबटपणा ही क्रिया अडवतो. अशा अडवणाऱ्या पदार्थाला अँटिऑक्सिडंट म्हणायचं.

शरीरातही हेच चालतं. अन्नातून शक्ती काढण्यासाठी आपण ऑक्सिजन वापरतो. त्या कामात काही अस्थिर कण तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ते शेजारच्या पेशीकडून ओढून घेतात. बिडीचा धूर, खर्ऱ्यातला तंबाखू, दारू, जंतूंचा संसर्ग यांनी हे कण वाढतात. त्यांना आवरायला शरीराकडे स्वतःची यंत्रणा आहे, ग्लुटाथिओन नावाचा पदार्थ आणि काही एन्झाइम. भाजीपाल्यातलं क आणि ई जीवनसत्त्व, पिवळी-नारंगी कॅरोटीन द्रव्यं आणि तुरट-कडू चवीची पॉलिफेनॉल्स या यंत्रणेला हातभार लावतात.

पण एक गोष्ट संदेशांमध्ये कधीच नसते. हे कण नुसते शत्रू नाहीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी हेच कण शस्त्रासारखे वापरतात. म्हणजे ते पूर्ण नाहीसे करायचे नाहीत, प्रमाणात ठेवायचे आहेत.

प्रयोगशाळेत पास, पोटात काय?

'या पानात अँटिऑक्सिडंट आढळले' अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा एक साधी चाचणी केलेली असते. जांभळ्या रंगाच्या एका द्रावणात पानाचा अर्क टाकतात. जांभळा रंग उतरून पिवळा झाला की अर्कात अँटिऑक्सिडंट गुण आहे असं ठरतं. चाचणी खोटी नाही. पण तिच्यात जवळपास प्रत्येक हिरवं पान पास होतं, चहासुद्धा होतो. काचेच्या नळीत रंग बदलणं आणि माणसाचा आजार बरा होणं यात मोठं अंतर आहे. पोटातलं आम्ल, आतडी, यकृत यांतून जाताना त्या द्रव्यांचं रूप बदलतं आणि रक्तात फार थोडं पोहोचतं.

अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा अँटिऑक्सिडंट गुणांची एक यादी प्रसिद्ध केली होती. कंपन्या ती जाहिरातीत वापरू लागल्या. या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी थेट संबंध दाखवता येत नाही, म्हणून २०१२ मध्ये ती यादी संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आली.

त्याहून मोठा धडा फिनलंडचा. तिथे २९ हजारांहून जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला. त्यातल्या काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. हे द्रव्य गाजरात आणि हिरव्या पाल्यात असतं. अपेक्षा होती की फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मधूनच थांबवावा लागला.

भाजीतून मिळणाऱ्या कॅरोटीनने असं नुकसान झाल्याचं दिसत नाही. नुकसान झालं ते एकच द्रव्य वेगळं काढून, मोठ्या मात्रेत, रोज घेतल्याने. आणि खर्रा-बिडी चालू ठेवून वरून 'अँटिऑक्सिडंट' पावडर घेणाऱ्यांनी तर हा निकाल लक्षात ठेवावाच. तंबाखू सोडण्याला पर्याय ठरेल असं पान जंगलात नाही.

मग आपल्या पाल्यात आहे तरी काय?

भरपूर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार मुंगन्याच्या (शेवग्याच्या) १०० ग्रॅम ताज्या पाल्यात साधारण १०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. शिवाय कॅरोटीन भरपूर. संत्र्यातलं क जीवनसत्त्व याच्या निम्म्यावर असतं. दारात मुंगन्याचं झाड असेल तर बाजारातून पावडरचा डबा आणायची गरज नाही.

पण फायदा अंगी लागायला तीन गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली, तेल. कॅरोटीन तेलात विरघळतं. नुसत्या उकडलेल्या पाल्यापेक्षा चमचाभर तेलाची फोडणी दिलेल्या भाजीतून ते जास्त मिळतं.

दुसरी, आंबट. पाल्यातलं लोह सहजी शोषलं जात नाही. शिजवताना क जीवनसत्त्व घटतं, म्हणून वरून लिंबू पिळावं किंवा जेवणात आवळा असावा. लोह शोषायला त्याने मदत होते.

तिसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. ज्या तुरट पॉलिफेनॉल्सचं अँटिऑक्सिडंट म्हणून कौतुक होतं, तीच आतड्यात लोहाला पकडून ठेवतात. म्हणून जेवणासोबत किंवा आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळीसोबत कोरा चहा किंवा तुरट काढा घेऊ नये. मध्ये तास-दोन तासांचं अंतर ठेवावं. रक्त कमी असलेल्या गरोदर बाईला 'ताकदीसाठी' म्हणून दिलेला काढा तिची लोहाची गोळी वाया घालवू शकतो.

जुन्या रीतींमागचं कारण

इथल्या माडिया-गोंड घरांत कोणता पाला कधी तोडायचा, किती वेळ उकडायचा, पाणी ठेवायचं की टाकायचं याचे नियम आहेत. हे ज्ञान मुख्यतः बायांकडे आहे. डॉ. राणी बंग यांचं 'गोईण' हे पुस्तक गडचिरोलीतल्या बायांच्या झाडांविषयीच्या याच ज्ञानावर उभं आहे. या नियमांना शास्त्राचाही आधार आहे.

तरोट्याचा पाला कोवळाच का खायचा? या झाडात जुलाब घडवणारी द्रव्यं असतात. म्हणून पहिल्या पावसातला कोवळा पाला उकडून, पिळून खातात. मोठं झालेलं झाड भाजीला घेत नाहीत.

धोप्याच्या पानाला चिंच किंवा आंबट का लागतं? त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक खडे असतात, ते घशाला टोचतात. नीट शिजवून आंबट घातलं की खाज कमी होते. पण ऑक्झलेट पूर्ण जात नाही. ज्याला मूतखड्याचा त्रास आहे, त्याने धोपा, पालक असा पाला कमी खावा आणि त्यांचा कच्चा रस तर पिऊच नये.

गुंजेचा पाला गोड लागतो, विड्यात घालतात. त्याच वेलीची लाल-काळी बी फोडून चावली तर जीव जाऊ शकतो. म्हणजे 'हे झाड औषधी आहे' एवढं म्हणून भागत नाही. पान, बी, साल, मूळ यांचा हिशेब वेगवेगळा आहे. मुंगन्याचंही तसंच. पाला आणि शेंगा अन्न आहेत, मुळाची साल नाही. गरोदरपणात तर ती अजिबात घेऊ नये.

तरोटा आणि कासविंदा : ओळख चुकली तर

तरोट्यासारखंच दिसणारं एक झाड गावठाणाच्या कडेला, उकिरड्यावर उगवतं. ते कासविंदा. तरोट्याच्या एका देठावर बहुधा तीन जोड्या पानं असतात, टोकाला गोलसर. कासविंद्याला चार ते सहा जोड्या असतात, टोकाला अणकुचीदार. तरोट्याची शेंग बारीक, लांब आणि वाकडी, तर कासविंद्याची त्याहून रुंद आणि चपटी.

हा फरक महत्त्वाचा आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा संपता संपता लहान मुलांना एक जीवघेणा आजार व्हायचा. वर्षानुवर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. २००७ च्या सुमारास डॉक्टरांनी त्याचा माग कासविंद्याच्या बियांपर्यंत नेला. मुलं खेळता खेळता शेंगा खात होती. २०१६ मध्ये ओडिशाच्या मलकानगिरी या आदिवासी जिल्ह्यात शंभराच्या आसपास बालकं दगावली. तिथेही जपानी मेंदूज्वराबरोबर याच बियांकडे तज्ज्ञांनी बोट दाखवलं. मलकानगिरी आपल्यापासून फार दूर नाही, बस्तरच्या पलीकडेच आहे.

अंगणात, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात कासविंदा असेल तर शेंगा धरायच्या आत उपटून टाका. पावसाळ्यात पाला खुडताना धोतऱ्याची पानंही भाजीत मिसळू शकतात. भाजी खाल्ल्यावर तोंड कोरडं पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, असंबद्ध बडबड असं दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा. उरलेली भाजी किंवा पानं सोबत न्या, डॉक्टरांना ओळखायला सोपं जातं.

भाजी आणि काढा : मात्रेचा फरक

भाजी आपण आठवड्यातून एक-दोनदा, शिजवून, भात-भाकरीसोबत खातो. काढा, रस किंवा पावडर म्हणजे तेच पान आटवून, रोज, महिनोन्महिने पोटात जातं. तिथे ते अन्न राहत नाही, औषध होतं. आणि औषध म्हटलं की मात्रा आली, मुदत आली, कोणी घेऊ नये हेही आलं.

गुळवेल : करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे ६ रुग्ण यकृताला इजा झालेले आढळले. त्यांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. पुढे देशातल्या इतर रुग्णालयांतूनही तसे रुग्ण नोंदले गेले. वाद काहीही असो, ज्याला यकृताचा आजार आहे, जो रोज दारू घेतो किंवा ज्याला थायरॉइड-संधिवातासारखा रोगप्रतिकारशक्तीशी जोडलेला आजार आहे, त्याने स्वतःच्या मनाने गुळवेल घेऊ नये. काढा घेताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक गेली तर तो त्याच दिवशी बंद करून तपासणी करावी.

भुईनीम (काळमेघ) : साखर आणि रक्तदाब उतरवू शकतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना वरून हा काढा घेतला तर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. गरोदर बाईने घेऊ नये.

अडुळसा : खोकल्यावर जुना उपाय. पण त्यातल्या द्रव्याने गर्भाशय आकुंचन पावतं. गरोदरपणात टाळावा.

कडुनिंब : पाडव्याला चार पानं खाल्ल्याने काही होत नाही. पण निंबोळीचं तेल तान्ह्या बाळाला पाजू नका. त्याने बाळांना झटके आल्याच्या, जीव गेल्याच्याही नोंदी आहेत. अंगाला लावायचं तेल वेगळं, पोटात द्यायचं औषध वेगळं.

ताप आला तर : आधी बोटातलं रक्त, मग काढा

आता सगळ्यात महत्त्वाचं. राज्यात मलेरियाचा त्रास सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली आहे आणि एटापल्ली, भामरागड हे त्यातले संवेदनशील तालुके. ताप आला की भुईनीम किंवा गुळवेलीचा काढा देऊन दोन-तीन दिवस वाट बघण्याची सवय अजून आहे. कडू काढ्याने मलेरिया जात नाही. फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया असेल तर ते दोन-तीन दिवसच घात करतात, तो मेंदूपर्यंत जातो.

आशाताईंकडे तपासणीची पट्टी असते. बोटातून थेंबभर रक्त, पंधरा-वीस मिनिटांत निकाल, पैसे लागत नाहीत. मलेरिया निघाला तर त्या गोळ्या देतात. मजा बघा, फॅल्सिपेरमवरचं त्यातलं मुख्य औषधसुद्धा एका पानातूनच आलं आहे.

चीनमध्ये आपल्या दवण्याच्या कुळातली एक वनस्पती तापावर वापरत. शास्त्रज्ञ तू योयो यांनी तिच्यावर काम केलं. पानं उकळून काढलेला अर्क नीट काम करेना. तेव्हा त्यांना एका जुन्या वैद्यकग्रंथात पानं पाण्यात भिजवून पिळायची रीत सापडली, उकळायची नव्हे. त्यांनी कमी उष्णतेत अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती लागलं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. परंपरेतली खूण खरी होती, पण ती तपासून, शुद्ध करून, मात्रा ठरवल्यावरच लाखो जीव वाचले. त्या पानाचा घरगुती चहा मलेरियावर घेऊ नका, असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात मात्रा अपुरी आणि कमी-जास्त पडते. आपल्याकडच्या दवण्यात तर मलेरियाचं औषध नाहीच.

आणि हे औषध काम कसं करतं? मलेरियाचा जंतू रक्तातलं हिमोग्लोबिन खातो, त्यातलं लोह मोकळं होतं, त्या लोहाशी औषध भिडतं आणि फ्री रॅडिकल्स तयार होतात. त्यांनीच जंतू मरतो. म्हणजे अँटिऑक्सिडंटच्या अगदी उलट काम! पानातलं सगळंच 'अँटिऑक्सिडंट' म्हणून चांगलं, हा हिशेब इथे मोडतो.

जी-सिक्स-पीडी आणि सिकलसेल

लाल रक्तपेशींना ऑक्सिडीकरणापासून वाचवणारं एक एन्झाइम असतं, जी-सिक्स-पीडी. काहींमध्ये ते जन्मतःच कमी असतं, पुरुषांमध्ये जास्त करून. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया आहे अशा आदिवासी समाजांत हे प्रमाण जास्त आढळतं. एरवी काही त्रास नसतो. पण मलेरियाची प्रायमाक्विन गोळी किंवा डांबराच्या गोळ्यांचा संपर्क यांनी त्यांच्या रक्तपेशी झपाट्याने फुटू शकतात. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्यही असंच ऑक्सिडीकरण घडवतं. हे एन्झाइम कमी असलेल्या तान्ह्या बाळांना मेंदी लावल्यावर रक्त फुटल्याच्या नोंदी परदेशात आहेत. म्हणून तान्ह्या बाळाच्या अंगाला मेंदी लावू नये. कोणतीही गोळी किंवा पाला घेतल्यावर लघवी चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली तर लगेच १०८ ला फोन करा.

सिकलसेलच्या रुग्णाने हिरवा पाला जरूर खावा, त्यातलं फोलेट त्याच्या उपयोगाचं आहे. पण पाल्याच्या किंवा रसाच्या भरवशावर दवाखान्याच्या गोळ्या बंद करू नयेत.

रस्त्याकडेचा पाला नको

सूरजागडहून लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांनी जातात, त्यांच्या कडेच्या झाडांवर लाल धूळ बसते. 'धूळ लोखंडाची, म्हणजे रक्त वाढेल' असा समज करून घेऊ नका. खनिजातलं लोह गंजाच्या रूपात बांधलेलं असतं, आतडं ते जवळपास घेतच नाही. वर वाहनांचा धूर आणि तेलकट काजळी असते ती वेगळीच. पाला रस्त्यापासून आत, स्वच्छ जागेतून तोडा आणि दोन-तीन पाण्यांनी धुवा. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचाही टाळा.

घरी लक्षात ठेवायच्या गोष्टी

- पाला भाजी म्हणून, शिजवून, आलटून पालटून खा. एकाच पानाचा रोज रस नको.
- जो पाला घरातल्या जाणत्या बाईने ओळखला नाही, तो चुलीवर चढवू नका.
- फोडणीला थोडं तेल, वर लिंबू. लोहाच्या गोळीसोबत चहा-काढा नको.
- गरोदर, अंगावर पाजणारी बाई, दोन वर्षांखालचं मूल, यकृत-किडनीचा रुग्ण यांना विचारल्याशिवाय काढा देऊ नका.
- बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर घेत असलेला काढा डॉक्टरांना सांगा. लपवू नका.
- ऑपरेशन ठरलं असेल तर काढे, पावडरी घेत असल्याचं आधीच सांगा.
- ताप आला की त्याच दिवशी आशाताईंकडे रक्त तपासा. काढा द्यायचाच असेल तर तपासणीनंतर, विचारून.

वैदू-पुजाऱ्याकडे जाणं आणि दवाखान्यात जाणं यात भांडण लावायचं कारण नाही. कोणता पाला खायचा, कसा शिजवायचा हे गावातल्या जाणत्या बायांना बरोबर ठाऊक आहे. ते ज्ञान ग्रामसभांनी नीट लिहून ठेवावं, जंगलासोबत तेही जपलं पाहिजे. फक्त तापात फणफणणाऱ्या लेकराला काढा पाजून सकाळची वाट बघू नका. आशाताईंचं घर त्याच गावात आहे.